आईची घडीची टेबलं

“काकू, आमची टेबलं परत कधी देताय?”

झिप्रीने हे वाक्य जिन्यात सात वेळा घोकलं होतं. दुसऱ्या मजल्यापर्यंत ते मऊ होतं, तिसऱ्यावर त्याला धार आली, आणि दार उघडताक्षणी ते तोंडातून असं सुटलं की ‘नमस्कार’, ‘कशा आहात’, ‘आत येऊ का’ ही सगळी भली माणसं मागेच राहिली.

दारात बाबांच्या मॅनेजरसाहेबांच्या बायको उभ्या होत्या. केसांना काळा रंग थापलेला, खांद्यावर जुना टॉवेल, एका हातात ब्रश. “कुठली टेबलं?” त्या म्हणाल्या.

अर्धा जिना खाली तिच्या वर्गातल्या मैत्रिणी चष्मिश आणि लांबी कठड्याला पालीसारख्या चिकटून ऐकत होत्या. पैज त्यांचीच. झिप्री तीन दिवस मधल्या सुट्टीत टेबलांवरून धुमसत होती, तेव्हा लांबी वैतागून म्हणाली होती, “आमच्यासमोर कसली वाघीण होतेस? त्यांच्या दारात जाऊन विचार. नाही विचारलंस, तर पुन्हा टेबलांचं नाव काढायचं नाही.” चष्मिशने लगेच हात पुढे केला होता, “लाव पैज.”

गेल्या वर्षीची झिप्री असती तर डबा बंद करून गप्प बसली असती. पण गेल्याच महिन्यात तिने भर वर्गात उभं राहून सरांना सांगितलं होतं, “सर, फळ्यावरचं उत्तर चुकलंय,” आणि आभाळ काही कोसळलं नव्हतं. सरांनी उत्तर पुसलं, बरोबर लिहिलं, आणि तास पुढे चालू झाला. तेव्हापासून तिला वाटायला लागलं होतं की जगात बऱ्याच गोष्टी नुसत्या कुणी विचारत नाही म्हणून अडून बसलेल्या असतात. (शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव अर्थातच वेगळं होतं. पण केस जन्मापासून कुणाचं ऐकत नव्हते, म्हणून घरीदारी ती झिप्रीच.)

आता टेबलांचं सांगायला हवं.

झिप्रीच्या जन्माआधी एक जुनं लॉज बंद पडलं आणि त्याचं सामान भंगारवाल्याकडे आलं. त्यातून आईने ही चार टेबलं उचलली. पत्र्याचे ट्रे, काठाने निळ्या फुलांची वेल, खाली फुलीसारखे दुमडणारे पितळी रंगाचे पाय, आणि चारही अडकवून ठेवायला चाकांचं स्टँड. गंज इतका की भंगारवाला म्हणाला होता, “ताई, वजनावर घ्या.” आईने ती आठ दिवस पॉलिशपेपरने घासली, व्हार्निशचे दोन हात दिले, पायांना रबरी बुचं बसवली. एकाचा चाप सैल होता. तिथे तिने शिवणाच्या दोऱ्याचे वेढ्यावर वेढे घातले, इतके की ते टेबल बँडेज बांधलेल्या माणसासारखं दिसायचं. ते आईचं. ते फक्त तिलाच उघडता यायचं. पाय फाकवायचे, ट्रे आडवा करायचा आणि गुडघ्याने खालून असा ठोसा द्यायचा की चाप टक्‌कन बसलाच पाहिजे.

त्यांच्या घरात दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत सोफा कम बेड, फ्रिज, आईचं शिलाई मशीन आणि त्याचं स्टूल, एक खुर्ची आणि माणसं. जेवणाचं टेबल आणलं असतं तर माणसांना जिन्यात राहावं लागलं असतं. ही चार मात्र दुमडली की दारामागे छत्रीएवढी जागा खायची, आणि उघडली की खोलीचं हॉटेल व्हायचं.

ते हॉटेल रविवारी दुपारी दोन तास उघडायचं. आई कपडे उसवून, आखूड-लांब करून देणाऱ्या दुकानात कामाला होती, घरीही तेच करायची. झिप्रीला आई आठवायची ती नेहमी उभी, नाहीतर मशीनवर वाकलेली. रविवारी मात्र तिच्या तीन मैत्रिणी यायच्या. नर्समावशी, बसवर कंडक्टर असलेली कंडक्टरमावशी, आणि आईच्याच दुकानातली काउंटरमावशी. त्या तिघी, आई चौथी, टेबलं चार. एक खुर्चीत, दोघी सोफ्यावर, आई समोर मशीनच्या स्टुलावर, आणि प्रत्येकीपुढे आपापलं. चहा, टोस्ट, ऑम्लेट, चिरलेली फळं. नर्समावशी ऑम्लेट खाताना ऑपरेशनच्या गोष्टी सांगायची, काउंटरमावशी “अगं, घास तरी गिळू दे” म्हणायची, कंडक्टरमावशी “पुढे सरका, पुढे सरका” करत टोस्टची बशी फिरवायची. आणि आई हसायची. टेबलावर दोन्ही कोपरं टेकवून, पोटातून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. झिप्री आतल्या खोलीत अभ्यासाचं नाटक करत ते हसणं ऐकायची.

मग आली बाबांची दानत.

बाबा गोदामात सुपरवायझर. माणूस वाईट नव्हे. लहानपणी त्यांच्या घरी पाहुण्याला द्यायला पाण्याच्या पेल्यापलीकडे काही नसायचं, हे ते अजून सांगायचे आणि सांगताना त्यांचा आवाज बसायचा. म्हणून आता कुणी घरी येऊन कशाला ‘छान’ म्हटलं रे म्हटलं, की बाबांची छाती दोन इंच फुगायची. “आवडलं ना? मग तुमचंच समजा.” आणि पाहुणा ‘अहो नको, अहो कशाला’ म्हणेपर्यंत वस्तू पिशवीत.

अशी आईने विणलेली शाल आत्याकडे गेली. झिप्रीचा रंगांचा डबा चुलतभावाकडे गेला, त्याला तर चित्रकलेत सफरचंदही जमत नाही. आरसा घरमालकाकडे गेला आणि सगळ्यांनी महिनाभर खिडकीच्या काचेत भांग पाडला. बिल्डिंगीत बाबांना ‘दानशूर कर्ण’ म्हणायचे आणि बाबांना त्यातली टोचणी कधी लागलीच नाही. कंडक्टरमावशी एकदा म्हणालीच होती, “कर्णाने निदान स्वतःच्या अंगावरची कवचकुंडलं काढून दिली. ही म्हणजे आयजीच्या जिवावर बायजी उदार.” आई तेव्हाही हसली होती.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी मॅनेजरसाहेब आणि काकू घरी आले. झिप्री क्लासला होती. परत आली तेव्हा दारामागे चाकांच्या खुणा तेवढ्या उरल्या होत्या.

“साहेबांच्या मिसेसना फार आवडली,” बाबा म्हणाले. “जुन्या वस्तूंची आवड आहे त्यांना. आपण काय कोत्या मनाचे आहोत?”

आई म्हणाली, “असू दे गं.”

पुढच्या रविवारी मावश्या आल्या. बशा मांडीवर, कप जमिनीवर. नर्समावशीचे गुडघे गेलेले, तिला खाली बसता येत नाही म्हणून एकुलती खुर्ची तिला, स्टुलावर टोस्टची बशी, आणि बाकीच्या तिघी सोफ्यावर एका ओळीत, बसस्टॉपवर बसल्यासारख्या. एकमेकींचं तोंड दिसेना. कंडक्टरमावशी उठली तशी तिच्या पायाने कप उडाला आणि इस्त्रीच्या गणवेशावर चहा. तिला तिथूनच ड्यूटीवर जायचं होतं. त्याच्या पुढच्या रविवारी आईने फोन करून सांगितलं, डोकं दुखतंय. तिसऱ्या रविवारी कुणाचा फोनच आला नाही. आईने दुपारभर पँटी आखूड केल्या. झिप्रीने आतून कान लावला, तर नुसतं मशीन.

त्या दिवसापासूनचा राग घेऊन ती आज या दारात उभी होती.

“निळ्या फुलांची चार टेबलं,” ती म्हणाली. “बाबांनी तुम्हाला दिली ती. ती बाबांची नव्हती. आईची आहेत.”

काकूंनी ब्रश खाली केला. त्या चिडतील, दार लावतील, साहेबांना हाक मारतील, यातल्या प्रत्येकाला उत्तर झिप्रीने तयार ठेवलं होतं. पण काकू म्हणाल्या, “देवा, सुटले. ये आत, चपला राहू दे.”

स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत, कपडे धुण्याच्या मशीनला टेकून, टेबलं उभी होती. बाबांनी बांधलेली सुतळी अजून तशीच. गाठसुद्धा सोडलेली नव्हती. वर ओली फडकी वाळत घातली होती.

झिप्रीला वाटलं, वापरली तरी असती. वर कप ठेवून रोज कुणी चहा प्यायलं असतं, तरी एवढं लागलं नसतं. “तुम्हाला आवडली होती ना?”

“पोरी, कुणाच्या घरी गेलं की काहीतरी छान म्हणावं लागतं,” काकू म्हणाल्या. “पडद्यांना छान म्हणवत नव्हतं, म्हणून टेबलांना म्हटलं. तर तुझे बाबा सुतळी घेऊन हजर. मी दोनदा नको म्हटलं. साहेबांनी मला कोपराने ढोसलं, घे म्हणाले, नाहीतर वाईट वाटेल त्याला. आणि घरी आल्यावर विचारतात, हे भंगार ठेवायचं कुठे.”

पडदे आईने दुकानातल्या कापडांच्या तुकड्यांतून शिवले होते. झिप्रीने तोही घोट गिळला. “मग आईकडे बघायचं ना एकदा.”

“बघितलं की. तिला विचारलंसुद्धा, अहो, तुम्हाला लागत असतील. तर तीच म्हणाली, घ्या हो, आमच्याकडे नुसती पडून असतात.”

इतके दिवस झिप्रीच्या रागाला एकच पत्ता होता. आता दोन झाले.

“घेऊन जा,” काकू फडकी काढत म्हणाल्या. “फक्त एक कर. घरी सांग, तू मागितलीस म्हणून दिली. मी परत पाठवली असं झालं तर तुझे बाबा उद्या गोदामात तोंड पाडून बसतील आणि साहेब माझं डोकं खातील. फार हळवा माणूस आहे तुझा बाबा.”

“दुसऱ्याच्या वस्तू देताना नाही हळवे होत,” झिप्री म्हणाली. “मीच मागितली असं सांगते. खरंच आहे ते.”

पैज जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. लांबीने पाठ थोपटली, चष्मिश म्हणाली, “बाई गं, काय डेअरिंग,” पण झिप्रीचे ओठ घट्ट मिटलेले. स्टँडची चाकं रस्त्यावर असा खडखडाट करत होती की कुत्री भुंकायला लागली. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी ठेवून विचारलं, “काय, घरी पार्टी का?”

“नाही,” झिप्री म्हणाली. “भांडण.”

“मग चारच टेबलं कशी पुरणार?” तो म्हणाला, आणि पुन्हा इस्त्री करायला लागला.

आई मशीनवर होती. तोंडात टाचण्या, मांडीवर कुणाची तरी पँट. स्टँड आत आलं तसं तिचा पाय थांबला. एकेक टाचणी काढून तिने डबीत ठेवली. तेवढ्या वेळात चष्मिश आणि लांबी ‘येतो काकू’ म्हणून जिन्यात पसारही झाल्या.

“कुणी सांगितलं होतं तुला?” आई म्हणाली.

झिप्रीला वाटलं होतं आई टेबलांवरून हात फिरवेल. निदान सुतळी तरी सोडेल. “कुणी नाही. मी मागितली. त्यांना नकोच होती. गॅलरीत पोतेऱ्याखाली पडली होती.”

“मी घ्या म्हटलं होतं त्यांना. आता मी खोटी पडले.”

“तू खोटंच बोललीस. ‘नुसती पडून असतात’ म्हणालीस.”

आईचा चेहरा लाल झाला. “मग काय म्हणायला हवं होतं? साहेबांसमोर तुझ्या बाबांच्या हातातून ओढून घ्यायची होती? नवऱ्याचा शब्द खाली पाडायचा, चार माणसांत? मोठी शहाणी झालीस. शाळेत चार वाक्यं बोलायला शिकलीस म्हणून घरात वकिली करायची नाही.”

“शब्द त्यांचा आणि टेबलं तुझी. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचं, आणि हलवाईच म्हणतो, ठेवा हो, घर नुसतं पडून आहे.”

“झिप्रे, थोबाड फोडीन.”

आईने आजवर तिला कधी चापटसुद्धा मारली नव्हती. झिप्रीला रडू येत होतं आणि रडू येतंय याचा आणखीच राग येत होता. “रविवारी तू हसायचीस,” ती म्हणाली. “मला वाटलं ते तुला हवं असेल.”

आईने टाचणीच्या डबीचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

तेवढ्यात बाबा आले. दार पूर्ण उघडेना, कारण स्टँड वाटेतच उभं होतं. त्यांनी वाकून बघितलं.

“ही इथे कशी?”

“मी आणली,” झिप्री म्हणाली. “काकूंकडे जाऊन मागितली. त्यांनी पाठवली नाहीत, मी मागितली.”

बाबा सोफ्यावर बसले. बूटही काढले नाहीत. “दिलेली वस्तू,” ते म्हणाले. “दिलेली वस्तू परत मागितलीस? माझ्या साहेबांच्या घरी जाऊन? उद्या मी गोदामात कुठल्या तोंडाने उभा राहू? नाक कापलंस माझं.”

“तुम्ही देणारे कोण पण? तुमची होती का?”

“घरात तुझं-माझं असतं का काही? माणूस आपल्या दारातून रिकाम्या हाताने जाऊ नये, एवढंच कळतं मला. मन मोठं लागतं त्याला. ते तुला नाही कळायचं.”

“मन मोठं तुमचं आणि दारामागची जागा रिकामी आईची. शाल आईची, आरसा सगळ्यांचा, रंग माझे. तुमचं काय गेलं आजपर्यंत? एक वस्तू सांगा. एक.”

“कुणी माझ्या वस्तूला चांगलं म्हटलं असतं तर तीही दिली असती,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. “एका क्षणात दिली असती. विचार तुझ्या आईला.”

आई मशीनकडे बघत होती. ती अगदी साध्या आवाजात बोलली, दूध आणलं का विचारावं तशी.

“रेडिओ तुम्ही कपाटात ठेवता,” ती म्हणाली. “पाहुणे यायच्या आधी. साहेब आले त्या दिवशीही ठेवला होतात. माझ्या साड्यांखाली.”

बाबांचा रेडिओ म्हणजे लाकडी पेटीचा, पिवळ्या काचेचा, त्यांच्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा. त्याला कुणी हात लावायचा नाही, पुसायलाही नाही. झिप्रीला तो पाहुण्यांच्या वेळी नसतो हे माहीत होतं, पण का नसतो हे तिने कधी विचारलंच नव्हतं. आईने ते किती वर्षं बघितलं असेल, आणि किती वर्षं त्याच्यावर साड्या सारख्या केल्या असतील.

“धूळ बसते त्याच्यावर,” बाबा म्हणाले.

“पाहुण्यांची?” आई म्हणाली.

बाबांनी बुटांची नाडी सोडायला घेतली. ती सुटेना. “ते वेगळं आहे,” ते खालमानेने म्हणाले. “ती अण्णांची आठवण आहे.”

“वेगळं कसं ते कळतं मला,” आई म्हणाली. “म्हणून तर मी साड्या वर घालते. मीसुद्धा ही टेबलं त्या दिवशी आत, पलंगाखाली सरकवणार होते. वेळ झाला नाही. चहाच ठेवत बसले.” मग तिने मशीनवरची कात्री उचलली, स्टँडपाशी जाऊन सुतळी कापली, आणि झिप्रीकडे न बघताच म्हणाली, “नर्समावशीला फोन लावून दे मला. आणि तू, तू मला विचारून जायला हवं होतंस. तेही चुकलंच.”

झिप्रीने फोन लावून दिला. आई आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. आतून हळू आवाज येत होता, “नाही गं, डोकं बरंय आता. रविवारी या सगळ्या.”

बाहेर बाबा एक बूट हातात घेऊन बसले होते. ते एकदम थकल्यासारखे दिसत होते, आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी झिप्री विरघळली असती. आज नाही. तिला दिसत होतं की उद्या सगळं निवळेल. आई म्हणेल असू दे, बाबा दोन दिवस अबोला धरतील, आणि महिनाभराने कुणीतरी पाहुणा पडद्यांना छान म्हणेल. (काकू सोडून.)

आई बाहेर आली तसं बाबा पुटपुटले, “चारचौघांत तोंड दाखवायला जागा नाही ठेवली पोरीने.”

“झालं ते झालं,” आई म्हणाली. “आता पुरे.”

“पुरे नाही,” झिप्री म्हणाली. ती स्टँडपासून पुढे आली आणि दोघांच्या मधोमध उभी राहिली. एवढ्याशा खोलीत मधोमध म्हणजे बाबांच्या गुडघ्यापाशी आणि आईच्या मशीनपाशी एकाच वेळी. “मी एक ठरवलंय. दोघांनाही सांगतेय, म्हणजे नंतर मला माहीत नव्हतं असं कुणी म्हणायला नको. बाबा, यापुढे पाहुण्यांसमोर तुम्ही कशालाही ‘तुमचंच समजा’ म्हणालात, की मी तिथल्या तिथे विचारणार, ही वस्तू कुणाची आहे आणि तिला विचारलंत का. साहेब असोत, नाहीतर साहेबांचे साहेब. आणि आई, तू जर म्हणालीस की नुसती पडून असते, तर मी सांगणार की आई खोटं बोलतेय. तुम्हाला रागवायचं असेल तर आत्ता रागवून घ्या, कारण तेव्हा समोर पाहुणे असतील.”